घरातला कॅमेरा आणि पुसून टाकायचं बटण

१९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने क्विककॅम नावाचा एक छोटासा गोल कॅमेरा शंभर डॉलरला बाजारात आणला. तोवर इंटरनेटवरचं सगळ्यात गाजलेलं थेट चित्र होतं केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्याचं. जागेवरून न उठता भांड्यात कॉफी उरली आहे का ते कळावं, एवढाच त्याचा उद्देश. क्विककॅममुळे हा उद्योग कुणालाही घरबसल्या करता येऊ लागला.

चित्र कसलं, तर ३२० बाय २४० ठिपके आणि करड्या रंगाच्या १६ छटा. हिशोब करून पाहा. ७६,८०० ठिपके, प्रत्येकाची छटा सांगायला ४ बिट (० किंवा १ असे चार आकडे), म्हणजे एका चित्राचे तीन लाखांहून थोडे जास्त बिट. सेकंदाला २८,८०० बिट पाठवणाऱ्या तेव्हाच्या मोडेमला या एका चित्रासाठी दहा-अकरा सेकंद लागायचे. जेपेग या चित्र साठवण्याच्या पद्धतीने दाबून ते हलकं करता यायचं, तरी सलग व्हिडिओ आवाक्याबाहेरच होता. त्यामुळे सुरुवातीचे घरगुती वेबकॅम म्हणजे ठरावीक वेळाने बदलणारा एक फोटो.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जेनिफर रिंगली या कॉलेजच्या विद्यार्थिनीने आपल्या होस्टेलच्या खोलीत असा कॅमेरा लावला आणि त्यातली चित्रं सगळ्या जगाला खुली केली. पुष्कळदा खोली रिकामीच दिसायची. तरी लाखो लोक पाहायचे. २००३ च्या शेवटच्या दिवशी तिने तो बंद केला. लावला तिने, काढलाही तिनेच. ही बाब साधी वाटते, पण पुढचं सगळं हिच्याभोवतीच फिरतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक देब रॉय यांच्या घराची गोष्ट वेगळी. मूल बोलायला कसं शिकतं हे पाहायला त्यांनी २००५ पासून सुमारे तीन वर्षं स्वतःच्या घराच्या छतांमध्ये ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले. ९० हजार तासांचा व्हिडिओ आणि १ लाख ४० हजार तासांचा आवाज जमला. बाळाचं ‘गागा’ हळूहळू ‘वॉटर’ कसं होत गेलं, ते त्यात सलग ऐकू येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला फार आवडतो. जे शब्द ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक विषयाच्या ओघात कानावर पडतात, ते मूल लवकर उचलतं. नुसता शब्द किती वेळा ऐकला, यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

पण त्या घरात आणखी एक गोष्ट होती. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर उद्गारचिन्हाचं एक बटण. भांडण झालं, नको ते बोललं गेलं, की ते दाबायचं आणि मागची हवी तेवढी मिनिटं पुसून टाकायची. आणि हे रेकॉर्डिंग जगासाठी खुलंही नव्हतं.

कॅमेऱ्याची सवय होते का? फिनलंडमध्ये दहा घरांत सहा महिने कॅमेरे ठेवून हेच तपासलं गेलं. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. बहुतेकांना सवय झाली, पण त्यासाठी त्यांनी वागणं बदललं होतं. उघड्या अंगाने घरात फिरणं सोडलं, काही खासगी कामं घराबाहेर नेली.

आपल्याकडे मुलं न्यू जर्सीला आणि आईवडील पुण्यात, अशा घरांत कॅमेरा काळजीपोटी येतो. ‘आई, गोळ्या घेतल्यास का? दिसली नाहीस ती सकाळपासून.’ आई बिचारी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. पण हे चित्र थेट मुलाच्या फोनवर जात नाही. घरचा राउटर बाहेरून आलेली जोडणी सहसा आत घेत नाही, म्हणून कॅमेराच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून राहतो. त्या सर्व्हरमार्फत चित्र जातं किंवा किमान दोघांची गाठ तो घालून देतो. चित्र फक्त मुलाच्या फोनवरच उलगडेल असं कुलूप कॅमेऱ्यातच लागत असेल तर ठीक, नाहीतर मधला तिसरा गडी आलाच. राउटरमधून कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा ठेवला आणि मूळचा पासवर्ड बदलला नाही, तर आणखी पंचाईत. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने असे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांची नुसती यादी चालवून.

आई निदान कॅमेऱ्यावर टॉवेल टाकू शकते. रोजचं घर व्हिडिओतून लोकांना दाखवणाऱ्या कुटुंबांतल्या लहानग्यांचं काय? फ्रान्सने २०२० च्या कायद्यात मुलाला असे व्हिडिओ स्वतःहून काढून टाकायला लावण्याचा हक्क दिला, त्यासाठी आईवडिलांची संमती लागत नाही. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती मागतो. इथे मात्र संमती देणारा आणि कॅमेरा धरणारा बहुधा एकच असतो.