मऊ साचा हवाय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

चितार ओळीतले मूर्तिकार असोत की घरी साबण बनवणाऱ्या ताई, आमच्याकडे पहिली मागणी एकच: "अजून मऊ रबर द्या, माल अलगद सुटला पाहिजे." मागणी रास्तच आहे. पण मऊपणा एका मर्यादेपलीकडे का नेऊ नये, हे काउंटरवर घाईत सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

पाण्याचा थेंब गोल राहतो, कारण त्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हा ताण पाण्याचा मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, आमच्या साच्याच्या रबराचा, म्हणजे सिलिकॉनचा, २० ते २२. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०५ साली थेंबाच्या कडेवरच्या ताणांचा हिशोब मांडला, तो आडव्या ओढीचा. पाणी कडेला वरही ओढतं, पण काच किंवा फरशी त्या ओढीला दाद देत नाही. मऊ जेल, म्हणजे रबरापेक्षा कितीतरी मऊ सिलिकॉन, मात्र दाद देतं. अगदी मऊ जेलवर थेंब ठेवून भिंगातून बघा: थेंबाभोवती जेलचा बारीक बांध उभा राहिलेला दिसेल, धुऱ्यासारखा.

बांध केवढा, याचा ढोबळ अंदाज म्हणजे ताण भागिले कडकपणा. १ किलोपास्कल कडकपणाच्या जेलवर तो ७२ मायक्रॉन येतो, साधारण केसाच्या जाडीएवढा. आमचं नेहमीचं शोर ए २० रबर (शोर ए हे रबराच्या कडकपणाचं माप, आकडा लहान तितकं मऊ) त्या जेलच्या कितीतरी शेकडो पट कडक, त्यामुळे तिथे बांध एका मायक्रॉनच्याही आत राहतो.

म्हणून नेहमीच्या रबरात मूर्तीच्या नाकाची धार बोथट आली, तर आधी मूळ नमुना आणि अडकलेले बुडबुडे तपासा. जेलची गोष्ट वेगळी. साच्यातून काढल्याबरोबर स्वतःच्याच ताणाने त्याचे बारीक कोपरे गोल होतात, द्रव लागायचीही गरज नाही. त्यामुळे बारीक जाळी किंवा अक्षरांचं काम आम्ही जेलमध्ये घेत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

पीओपी ओतणाऱ्यांचा खरा त्रास दुसराच. सिलिकॉनवर पाणी पसरत नाही, त्यामुळे बोटांच्या फटीत, मुकुटाच्या नक्षीत हवा अडकते आणि माल खड्ड्यांचा निघतो. साच्यात भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी फवारा आणि जास्तीचं झटकून टाका. साबणाने पाण्याचा ताण निम्म्याहून खाली येतो. मग पीओपीचा पहिला हात ब्रशने नक्षीत नीट बसवा आणि नंतर बाकीचं ओता. रेझिन ओतायचं असेल तर साबण अजिबात नको, साचा कोरडा ठणठणीत हवा.

साच्याच्या पातळ पाकळ्या धुतल्यावर एकमेकींना चिकटतात, ओल्या ब्रशचे केस चिकटतात तशा. तशाच ठेवल्या तर आकार बिघडतो. सुट्या करून वाळवा, टाल्क भुरभुरा.

पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन नावाचं पातळ रसायन रबरात मुरतं आणि साच्याचं आयुष्य कमी करतं. तेव्हा ऑर्डर देताना साच्यात काय ओतणार ते आधी सांगा. जमल्यास नमुनाही सोबत आणा, आम्ही समोरच छोटा तुकडा ओतून दाखवू.