मिलानचा चौक आणि मनातली डावी बाजू

इटलीतील मिलान शहराच्या मध्यभागी भव्य कॅथेड्रलसमोर एक प्रशस्त चौक आहे. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांना या परिचित चौकाचे मनातल्या मनात वर्णन करायला सांगितले. आपण कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केल्यावर रुग्णांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. डावीकडच्या बहुतेक गळाल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ करून उभे असल्याची कल्पना करायला सांगताच मघाशी गळालेल्या इमारती वर्णनात आल्या आणि आधी सांगितलेल्या नाहीशा झाल्या. म्हणजे माहिती पुसली गेली नव्हती. ती ज्या मानसप्रतिमेच्या रूपाने समोर येत होती, तिची डावी बाजूच लक्षाच्या कक्षेबाहेर राहत होती. ज्ञानाला मनात जागा आणि दिशा असते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

त्याआधी १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून, दोन्ही आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत का, असे विचारले होते. दोहोंमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ अधिक. जणू सेकंदाला सुमारे ६० अंश या वेगाने वस्तू मनात फिरवली जात होती.

तरीही मानसप्रतिमा म्हणजे डोक्यात ठेवलेले छायाचित्र नव्हे. ते पाहायला आत आणखी एक डोळा लागेल, असा आक्षेप झेनॉन पिलिशिन यांनी १९७३ मध्ये घेतला, आणि तो आजही गंभीरपणे घ्यावा असाच आहे. बदक किंवा ससा असे दोन्ही दिसू शकणारे प्रसिद्ध चित्र चेंबर्स आणि राइसबर्ग यांनी १९८५ मध्ये काही जणांना थोडा वेळ दाखवून काढून घेतले. ज्यांना बदक दिसले होते त्यांना नुसत्या आठवणीतल्या चित्रात ससा सापडेना, ससा दिसलेल्यांना बदक सापडेना. पण तीच आठवण कागदावर रेखाटल्यावर दुसरा प्राणी लगेच ओळखता आला. प्रतिमेला अर्थ आधीच चिकटलेला असतो; कागदावरची रेषा मात्र नव्या अर्थाला मोकळी असते.

काहींच्या मनात चित्रे उमटतच नाहीत. ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेसिया’ असे नाव दिले. अशी माणसेही आपल्या घराला खिडक्या किती हे सांगू शकतात; फक्त ते उत्तर त्यांना मनात घर न पाहता मिळते.