मुळाक्षरांनी सांभाळलेली स्तोत्रं

जुनी स्तोत्रं निव्वळ श्रद्धेच्या बळावर जशीच्या तशी टिकली, असं आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. श्रद्धा हवीच, पण पाठ टिकवायला रचनेतही काही युक्ती लागते. मानी पंथाच्या प्रार्थनांमधली युक्ती मला फार आवडते.

मानीचा जन्म इ.स. २१६ मध्ये बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाला. अंधारात अडकलेल्या प्रकाशाची सुटका हा त्याच्या धर्माचा गाभा. इराणच्या सासानी राजाच्या कैदेत त्याचा अंत झाला, तरी पंथ इजिप्तपासून चीनपर्यंत पोचला. १९०२ ते १९१४ या काळात जर्मन मोहिमांनी वायव्य चीनमधल्या तुर्फानहून या पंथाच्या हस्तलिखितांचे हजारो कपटे बर्लिनला नेले. बरंच त्याआधीच गेलं होतं: एका शेतकऱ्याला गाडाभर पोथ्या सापडल्या आणि अपवित्र लिपीच्या भीतीने त्याने त्या नदीत टाकल्या, असं मोहिमेतल्या ल कॉकने लिहून ठेवलंय. अंधश्रद्धेची किंमत ही अशी असते.

तुर्फानची बरीच स्तोत्रं पार्थियन या जुन्या इराणी भाषेत आहेत. गाणारे मात्र सोग्दियन किंवा उइघुर या मध्य आशियातल्या भाषा बोलणारे; पार्थियन तोवर कुणाच्या घरात उरली नव्हती. मग एखादं कडवं गळलं तर कळणार कसं? त्यासाठी अनेक स्तोत्रांत कडव्यांची आद्याक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली आहेत: आलेफ, बेथ, गीमेल, असं करत ‘ताव’ या बाविसाव्या अक्षरापर्यंत. क, ख, ग च्या क्रमाने ओव्या रचाव्यात, तसं. २२ या आकड्यात गूढ काही नाही, या स्तोत्रांची लिपी ज्या अरामी वर्णमालेतून आली तिच्यात अक्षरंच तेवढी.

आज हाच क्रम फाटके कपटे जुळवायला उपयोगी पडतो. एक कपटा चौथ्या अक्षरावर संपला आणि दुसरा नवव्यावर सुरू झाला, तर मधली चार कडवी हरवलीत. आता समजा, कपट्याच्या पुढच्या बाजूला गीमेल, म्हणजे तिसरं अक्षर आहे आणि मागे त्याच उंचीवर नून, म्हणजे चौदावं. पान एका स्तंभाचं आणि कडवी सारख्या ओळींची असतील, तर एका बाजूला अकरा कडवी मावत होती. कडव्याची उंची मोजली की अख्ख्या पानाच्या मजकुराची उंची निघते, तळहाताएवढ्या तुकड्यावरून!

हा पहारा फक्त कडव्याच्या दाराशी असतो. आतला शब्द बदलला तर दुसरी प्रत शोधावी लागते. चीनमधल्या दुनहुआंग इथे सापडलेल्या चिनी स्तोत्रगुंडाळीत काही प्रार्थनांचे परभाषी उच्चार चिनी चिन्हांनी लिहिले आहेत. तिथे मूळ आद्याक्षरं डोळ्यांना दिसतच नाहीत. त्या काळातला चिनी उच्चार ठरवून, त्यावरून मूळ शब्द गाठावा लागतो.