दशांशाचा व्यवहारी अपूर्णांक करणारी आज्ञावली

ग्राफिंग (म्हणजे आलेख काढून दाखवणाऱ्या) कॅल्क्युलेटरवर लिहिलेली आणि दिलेल्या दशांश अपूर्णांकाचे अंश-छेदाच्या रूपात उत्तर देणारी ही छोटी आज्ञावली असते. तिला बहुधा दहा-पंधरा ओळी पुरतात. या जातीचा पहिला कॅल्क्युलेटर, कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५ मध्ये बाजारात आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ मध्ये (१९९६) रूपांतराची तयार सोय आहे. मात्र छेद फार मोठा असला की ती दशांशच परत दाखवते आणि उत्तर कोणत्या पायऱ्यांनी आले ते सांगत नाही. आज्ञावली स्वतः लिहिण्याचे खरे प्रयोजन या पायऱ्यांत आहे.

दशांशाला १, २, ३ असे क्रमाने गुणत जाऊन गुणाकार पूर्णांक आला की थांबणे ही सर्वांत सोपी, पण छेद मोठा असल्यास रेंगाळणारी रीत होय. अधिक चांगल्या रीतीत संख्येचा पूर्णांक भाग बाजूला काढून उरलेल्या भागाचा व्यस्त घेतात आणि त्यावर हीच क्रिया पुन्हा करतात. प्रत्येक नव्या पूर्णांक भागाने आधीच्या अंशाला गुणून त्यात त्याच्याही आधीचा अंश मिळवला की नवा अंश मिळतो. छेदही तसाच काढतात. ३.१४१६ या संख्येतून ३, ७, १६, ११ हे पूर्णांक भाग निघतात आणि ३/१, २२/७, ३५५/११३, ३९२७/१२५० हे अपूर्णांक ओळीने मिळतात.

यांपैकी २२/७ आणि ३९२७/१२५० ही परीघ-व्यासाची गुणोत्तरे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) अनुक्रमे स्थूल व सूक्ष्म म्हणून दिली आहेत. त्याच ग्रंथातील कुट्टकातही, म्हणजे पूर्णांक उत्तरांची समीकरणे सोडवण्याच्या रीतीतही, परस्पर भागाकाराची अशीच साखळी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. त्यामुळे यंत्र परदेशी असले, तरी खानदेशात ही रीत परकी म्हणता येत नाही.

कुठे थांबावे, हा यातला नाजूक भाग. टीआय-८३ चौदा अंक साठवून दहाच दाखवतो. अखेरच्या अंकांतील चुकीमुळे बाकी शून्य न होता अतिसूक्ष्म उरू शकते आणि तिचा व्यस्त निरर्थक मोठा येतो. म्हणून मूळ दशांश आणि मिळालेला अपूर्णांक यांतला फरक ठरावीक मर्यादेच्या आत आला की थांबावे. किलोभर कापसातून ०.३३३ किलो रुई निघाली, तर ०.००१ ही मर्यादा १/३ देते आणि फार कडक मर्यादा ३३३/१०००. रुईचा उतारा मुळातच स्थूलमानाने मोजलेला असल्याने येथे पहिले उत्तर योग्य. गणिताच्या पुस्तकातील ०.३३३ ला मात्र दुसरे.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत असा कॅल्क्युलेटर चालत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यार्थ्याला तरीही ही रीत वहीवर पडताळता येते, ३.१४१६ ला चार ओळी पुरतात.