ब्रुकलिन डॉजर्सचे जुने फोटो आणि वस्तू : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

जर्सी सिटीतल्या आमच्या छोट्या दुकानात ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे १९४० आणि ५० च्या दशकांतले मूळ फोटो, खेळाडूंची छापील कार्डं, स्कोअरकार्डं, तिकिटं आणि सह्या केलेले चेंडू मिळतात. अलीकडे मराठी गिऱ्हाईक वाढलंय. कुणी लिटल लीग खेळणाऱ्या मुलाचा हात धरून येतं, कुणी ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाच्या निवृत्तीसाठी भेट शोधत येतं. प्रश्न मात्र ठरलेले असतात. हे खरं कशावरून? एकच फोटो इथे वीस डॉलरला आणि तिथे दोन हजाराला, असं कसं? पुण्याला नेला तर पावसाळ्यात टिकेल का? काउंटरवर घाईत नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

संघ कोणता, आणि त्याचं एवढं काय?

डॉजर्सचं मैदान एबेट्स फील्ड. ते १९१३ साली ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात उघडलं. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन इथे पहिल्या बेसवर उभा राहिला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद असलेलं दार उघडलं. पी वी रीस, ड्यूक स्नायडर, रॉय कॅम्पानेला, गिल हॉजेस हे त्याच संघातले. मोठा संघ, पण वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीत, न्यूयॉर्क यांकीजसमोर हरायचं हे जणू नशिबातच लिहिलेलं : १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. ‘पुढच्या वर्षी बघू’ हा ब्रुकलिनकरांचा पालुपदासारखा उद्गार होता. ते पुढचं वर्ष अखेर ४ ऑक्टोबर १९५५ ला उजाडलं. सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव दिली नाही आणि डॉजर्स २-० ने जिंकले. त्यानंतर दोनच हंगामांनी मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला हलवला. ब्रुकलिनच्या वस्तूंचा साठा १९५७ ला थांबला. मागणी थांबलेली नाही. किमतीचं गणित बरंचसं एवढ्यातच आहे.

आपल्या गावाचाही यात वाटा आहे. १९५६ आणि १९५७ मिळून डॉजर्सनी घरचे पंधरा सामने इथे, जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर खेळले. त्याच्याही आधी, १८ एप्रिल १९४६ ला, मॉन्ट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्याच खालच्या पातळीवरच्या संघाकडून रॉबिन्सनचा पहिला अधिकृत सामना याच मैदानावर झाला. त्याने चार हिट (बेस गाठून देणारे फटके) मारल्या, त्यातली एक होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. स्टेडियम पाडलं, आता तिथे घरं आहेत. जर्सी सिटीच्या त्या सामन्यांची तिकिटं आली तर आम्ही ती वेगळ्या खणात ठेवतो. हौस आमची, तुम्हाला आवडेलच असं नाही.

फोटो हातात आला की आधी उलटा करा

समोरचं चित्र सगळेच बघतात, आणि नक्कल करणाराही तेच जमवतो. खरी माहिती मागच्या बाजूला असते.

त्या काळी वर्तमानपत्रांना फोटो पुरवणाऱ्या संस्था प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर शिक्का मारायच्या आणि टाइप केलेल्या मजकुराची चिठ्ठी चिकटवायच्या. तो फोटो वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचला की तिथला तारखेचा शिक्का, संपादकाच्या पेन्सिलीच्या खुणा, कधी छापून आलेलं कात्रण, असं एकावर एक चढत जायचं. हे सगळं वाचायला शिका.

शिक्क्यातलं संस्थेचं नाव काळ सांगतं. ‘ॲक्मे’ ही फोटोसंस्था १९५२ मध्ये युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत विलीन झाली. पुढे मे १९५८ मध्ये युनायटेड प्रेस आणि इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस एकत्र येऊन ‘यूपीआय’ झाली. म्हणजे १९५५ च्या विजयाच्या फोटोमागे यूपीआयचा शिक्का असेल, तर तो शिक्का निदान अडीच वर्षांनंतरचा तरी आहेच. प्रिंट जुना आणि शिक्का नवा असंही घडतं, कारण संग्रहातल्या फोटोंवर नंतरही शिक्के मारले जात. म्हणून एकट्या शिक्क्यावर निकाल देऊ नये.

पत्ताही बघा. १९४३ पासून मोठ्या शहरांच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी टपाल विभाग लिहीत. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला आले. पाठीवर पाच आकडी कोड दिसला आणि विकणारा ‘त्याच वर्षी धुतलेला प्रिंट’ म्हणत असेल, तर शांतपणे पुढचा प्रश्न विचारा.

मग कागद. प्लास्टिकचा थर दिलेला गुळगुळीत कागद कृष्णधवल फोटोंसाठी १९७० च्या दशकात रुळला. त्याआधीचा कागद साधा, जरा जाड आणि कडेला वळणारा. जुन्या प्रिंटच्या गडद भागावर तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसते. कागदाच्या थरातली चांदी वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत गेल्याची ती खूण. हा डाग नव्हे, घासू नका. अंधारात अतिनील टॉर्चचा उजेड पाडला तर नंतरचे बरेच कागद निळसर पांढरे चमकतात, कारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांत उजळपणा आणणारी रसायनं मिसळू लागले. १९४७ चा म्हणून दिलेला फोटो असा चमकला तर तो त्या वर्षीचा प्रिंट नाही. १९५५ च्या फोटोंना मात्र ही कसोटी लावून फारसं हाती लागत नाही, ते अगदी सीमेवर बसतात. आणि न चमकणारा प्रत्येक कागद जुना असतो असंही नाही.

आता किमतीचा प्रश्न. बाजारात चार प्रकार मानतात. टाइप १ म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेला प्रिंट. टाइप २ मध्ये निगेटिव्ह मूळच, प्रिंट उशिराचा. टाइप ३ नकल-निगेटिव्हवरून (फोटोचाच पुन्हा फोटो काढून केलेल्या निगेटिव्हवरून) किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, पण त्याच काळातला. टाइप ४ तसाच, पण नंतरचा. चित्र तेच असूनही टाइप १ आणि टाइप ४ च्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे.

तारेने पाठवलेल्या फोटोंना, म्हणजे वायरफोटोंना, लोक नाकं मुरडतात. असोसिएटेड प्रेसने ही सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू केली. चित्र ओळीओळीने टेलिफोनच्या तारेवरून जायचं, म्हणून बारीक आडव्या रेघा दिसतात आणि कॅप्शन चित्राच्या आतच उमटलेलं असतं. आमच्या मते नवख्या संग्राहकाने सुरुवात इथूनच करावी. पैसे कमी लागतात, आणि सामन्याच्या दिवशीच दूरच्या गावातल्या कचेरीत उतरलेला कागद हातात येतो.

काही फोटोंवर पांढरा-करडा रंग फासलेला दिसेल, खेळाडूभोवती कुंचल्याची रेघ, चेंडूकडे बाण. छपाईत चित्र उठून दिसावं म्हणून वर्तमानपत्रातले चित्रकार हे करत. ‘साफ करून द्या’ अशी मागणी वारंवार येते. आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.

समोर काय बघायचं?

पाठ कोरी असेल तर चित्रातूनच काळ काढावा लागतो. डॉजर्सच्या शर्टावर समोर, नावाखाली, लाल आकडा १९५२ पासून आला. १९५१ च्या वर्ल्ड सिरीजसाठी तो ठरला होता, पण ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रांकाच्या चेंडूवर होम रन मारली आणि डॉजर्स तिथवर पोचलेच नाहीत. (त्यानंतर क्लबहाउसच्या पायऱ्यांवर कोसळलेल्या ब्रांकाचा फोटो बार्नी स्टाइन यांचा. दुःखाचे फोटो विकत घ्यावेत का, असं कुणीतरी विचारलं होतं. घ्यावेत.) तर, ‘१९४९’ लिहिलंय आणि पोटावर आकडा आहे, असा फोटो परत ठेवा.

मागच्या भिंतीवर शेफर बिअरची पाटी दिसते का, तेही बघा. ती युद्धानंतरच्या फोटोंत सापडते. हिट झाली की तिच्यातलं ‘एच’ अक्षर पेटायचं, चूक झाली की ‘ई’. स्कोअरबोर्डाखाली कपड्यांचे व्यापारी एब स्टार्क यांची पाटी होती : इथे चेंडू मारा, सूट मिळवा.

आणखी एक. कॅम्पानेला २८ जानेवारी १९५८ च्या मोटार अपघातानंतर चालू शकला नाही. लॉस एंजेलिससाठी तो एकही सामना खेळला नाही, त्यामुळे तिथल्या सामन्यात झेल घेतानाचा त्याचा फोटो म्हणून कुणी काही दाखवलं तर हसून सोडून द्या.

सह्या

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. १९९० च्या दशकात एफबीआयला खोट्या सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची खास मोहीम काढावी लागली होती.

चेंडूवर आधी सही नव्हे, छापील शिक्का बघा. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी डॉजर्स नॅशनल लीगचे. त्या लीगचा चेंडू तेव्हा स्पाल्डिंगचा असे आणि त्यावर लीगच्या अध्यक्षाची छापील सही : १९५१ पर्यंत फोर्ड फ्रिक, नंतर १९६९ पर्यंत वॉरन जाइल्स. १९४७ च्या संघाच्या म्हणून दिलेल्या चेंडूवर जाइल्स असेल तर तो चेंडूच तेव्हा नव्हता. शाईचंही तसंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, शार्पी मार्कर १९६४ मध्ये. खेळाडूने म्हातारपणी जुन्या चेंडूवर सही केलेली असू शकते आणि ती खरीही असेल, पण मग ‘त्याच हंगामातली’ म्हणून वरचे पैसे का मोजायचे?

शिवाय संघाच्या चेंडूंवर मोठ्या खेळाडूंच्या सह्या कधी कधी क्लबहाउसमधला नोकरच ठोकून द्यायचा. चेंडू खरा, काळ खरा, सही दुसऱ्याची. अशा चेंडूंना आम्ही स्पष्ट तसं लेबल लावतो. कॅम्पानेलाच्या अपघातापूर्वीच्या सह्या कमी आणि महाग, नंतरच्या हाताला आधार बांधून केलेल्या आणि थरथरत्या.

कार्डं, शर्ट, विटा

कार्डांसाठी पट्टी जवळ ठेवा. टॉप्स या ब्रुकलिनच्याच कंपनीच्या १९५२ च्या संचात ४०७ कार्डं. त्यांतलं ३१२ नंबरचं रॉबिन्सनचं, ३१४ कॅम्पानेलाचं, ३३३ रीसचं. मूळ कार्डाची उंची पावणेचार इंच. टॉप्सनेच १९८३ साली काढलेली पुनर्मुद्रणं साडेतीन इंच. शेवटच्या मालिकेचा न खपलेला माल कंपनीने पुढे समुद्रात बुडवला, म्हणून ३११ पासूनची कार्डं इतकी महाग.

शर्ट आम्ही ठेवत नाही. लोकरी फ्लॅनेलच्या उत्तम प्रतिकृती मिळतात, आणि लेबल उसवलं की त्या अस्सल म्हणून फिरतात. एबेट्स फील्ड २३ फेब्रुवारी १९६० पासून, बेसबॉलसारखा रंगवलेला लोखंडी गोळा आपटून पाडलं गेलं. त्या मैदानाची वीट म्हणून जे मिळतं त्याला पाठ नसते, शिक्का नसतो. भावनेपोटी घ्यायची तर घ्या, आमच्याकडे नाही.

जपणूक

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी, चिकट पानांचे अल्बम, साधी पीव्हीसीची पाकिटं, सगळं टाळा. पॉलिएस्टरचं पाकीट आणि आम्लविरहित पुठ्ठा पुरतो, दोन्ही आम्ही विकतानाच देतो. फ्रेम करताना काच फोटोला टेकू देऊ नका, मधे पुठ्ठ्याची चौकट हवी. त्याआधी मोबाइलवर पाठीचा फोटो काढून ठेवा, कारण एकदा फ्रेम झाली की शिक्का दिसत नाही.

मुंबई, ठाणे, कोकणात पाठवत असाल तर बुरशी आणि कसर हे खरे शत्रू. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, जूनमध्ये त्या ओल धरतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला, नुसत्या ठेवून उपयोग नाही. डांबरगोळ्या नकोत. हवेतला ओलावा ३० ते ५० टक्के असावा असं जाणकार म्हणतात. कोकणात ते जमणार नाही हे आम्हालाही कळतं. अशा वेळी मूळ फोटो इथेच ठेवावा आणि आईवडिलांच्या भिंतीवर चांगली प्रत लावावी.

आमची पद्धत

बिलावर फोटो काढल्याचं वर्ष आणि प्रिंटचा काळ वेगवेगळा लिहिलेला असतो. प्रिंटचा काळ ठरत नसेल तर तसंच लिहितो आणि भावही तसाच लावतो. सहीचं प्रमाणपत्र आम्ही स्वतः देत नाही. विकणाऱ्यानेच आपल्या मालाला प्रमाणपत्र द्यायचं यात काही अर्थ नाही. बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्या, त्यांनी नाकारली तर बिल दाखवून पूर्ण पैसे परत.

प्रिंट विकत घेतला म्हणजे तो छापायचा हक्क मिळत नाही. मंडळाच्या स्मरणिकेत किंवा दुकानाच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर हक्क कुणाकडे आहे ते आधी शोधून परवानगी घ्यावी लागते.

जुन्या घरात, गराज सेलमध्ये काही सापडलं आणि विकायचं असेल तर न पुसता, न सरळ करता, ज्या पाकिटात होतं त्या पाकिटासकट आणा. बघायचे पैसे लागत नाहीत. विम्यासाठी लेखी मूल्यांकन मात्र स्वतंत्र मूल्यमापकाकडूनच करून घ्या.