एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणारी साधने : पार्श्वभूमी

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या फाटलेल्या लिगामेंटची (हाडे जोडणाऱ्या बंधाची) शस्त्रक्रिया ठरली की घरच्यांच्या हाती साधनांची यादी पडते: लांब ब्रेस (पायाला आधार देणारा पट्टा), कुबड्या, बर्फाची पिशवी, वेट कफ (पायाला बांधायचे वजन), कमोडची खुर्ची आणि बऱ्याचदा भाड्याने आणायचे, पाय आपोआप हलवणारे सीपीएम यंत्र. यातली बहुतेक साधने गुडघ्याविषयीच्या त्या त्या काळातल्या समजुतीतून आली. काही समजुती पुढे मागे पडल्या, पण साधने यादीत राहिली. खर्च करण्याआधी हे माहीत असायला हवे.

1970 च्या दशकापर्यंत शस्त्रक्रिया झालेला गुडघा कित्येक आठवडे प्लास्टरमध्येच असे. नवे लिगामेंट सैल पडू नये, ही त्यामागची काळजी. प्लास्टर निघेपर्यंत मांडी वाळलेली असे आणि सांधा आखडलेला.

या विश्रांतीलाच टोरांटोतले बालअस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट सॉल्टर यांनी आव्हान दिले. 1970 मध्ये त्यांनी सशांवर प्रयोग सुरू केले. गुडघ्याच्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) मुद्दाम छिद्रे पाडली; काही सशांचे पाय प्लास्टरमध्ये ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळे सोडले, तर काहींचा सांधा यंत्राने सतत हलता ठेवला. कूर्चा सर्वांत चांगली भरली ती हलत्या सांध्यात. 1978 मध्ये हे तंत्र माणसांवर वापरले गेले आणि अभियंता जॉन सॅरिंजर यांच्या साथीने त्याचे यंत्र झाले. पाय आपोआप वाकवणारे, सरळ करणारे सीपीएम ते हेच.

सॉल्टर यांचे मूळ म्हणणे आजही खरे आहे: सांध्याला हालचाल हवी. पण ती यंत्रानेच द्यायला हवी का? एसीएलच्या रुग्णांवरील अभ्यासांचा मोठा आढावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सीपीएमचा ठोस दीर्घकालीन फायदा दिसला नाही, आणि नेहमीच्या एसीएल शस्त्रक्रियेनंतर ब्रेसचाही नाही. नीट समजावून दिलेला घरचा व्यायाम मात्र यशस्वी ठरू शकतो, असे त्यात नोंदवले आहे.

मधल्या काळात आणखी एक वळण आले होते. इंडियानापोलिसचे शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले, की सूचना न पाळता लवकर चालू-फिरू लागलेले रुग्ण जास्त चांगले बरे होतात आणि त्यांचा गुडघा सैलही पडत नाही. 1990 मध्ये त्यांनी नवा क्रम मांडला: पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करणे आणि झेपेल तितके वजन पायावर घेणे. आज फिजिओ टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगतात, ते पाय पूर्ण सरळ व्हावा म्हणूनच. घरी प्रेमापोटी गुडघ्याखाली उशी सरकवली जाते; तिने दुखणे तात्पुरते कमी होते, पण पाय वाकलेलाच राहू लागतो. यंत्राचे भाडे भरून ही गुंडाळी विसरली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

वेट कफची परंपरा लष्करातली. अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या मांड्यांना ताकद यावी म्हणून पायात लोखंडी बूट घालून टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत 1945 मध्ये मांडली. मांडीला विजेचे झटके देणाऱ्या यंत्रांबाबत मात्र सावध राहावे. 1990 च्या दशकात लिन स्नायडर-मॅक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दवाखान्यातल्या जोरदार उत्तेजनाने मांडीची ताकद वाढते; घरी वापरायच्या बॅटरीवरच्या छोट्या यंत्राने तेवढा परिणाम मिळाला नाही.

कमोडच्या खुर्चीचे कारण मात्र आपल्या घरांतच आहे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसताना गुडघा पुरता वाकतो. एसीएलसोबत मेनिस्कस (गुडघ्यातली गादीसारखी चकती) शिवला असेल तर इतके वाकवणे काही महिने वर्ज्य असते आणि ब्रेसही लागू शकतो. म्हणून यादी घेऊन दुकानात जाण्याआधी शल्यविशारदांना विचारावे: फक्त लिगामेंट केले, की मेनिस्कसही शिवला?