‘मायसेल्फ’ म्हणजे जास्त सभ्य? छे!

मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक तमुक’ म्हटलं की छाप पडते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. चूक आहे. नाव सांगताना सरळ ‘आय अ‍ॅम’ म्हणा. ‘मायसेल्फ’ लागतं ते कर्ता आणि कर्म एकच असताना (‘आय कट मायसेल्फ’) किंवा जोर द्यायला (‘आय मेड इट मायसेल्फ’).

ऑफिसच्या मेलमधलं ‘प्लीज कॉन्टॅक्ट सुनील ऑर मायसेल्फ’ ऐटदार वाटतं खरं. पण सुनीलला वगळून वाचा: ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’? कानाला खटकतंच. तिथे इंग्रजी ‘मी’ हवं (आपला ‘मी’ नव्हे!). ‘बिट्वीन यू अँड आय’चंही तेच, प्रमाण रूप ‘यू अँड मी’.

‘इट्स मी’ला नाकं मुरडून ‘इट इज आय’च बरोबर म्हणणाऱ्यांचा नियम लॅटिनच्या साच्यातून आलेला. दार वाजवून ‘इट इज आय’ म्हणणारे इंग्रजही आज विरळाच.